गाडी वर गेली

"गाडी वर गेली," असं बाबांनी फोनवर सांगितलं, तेव्हा सांगलीहून आत्याचा पहिला प्रश्न आला, "अरेरे! कधी?"

"सकाळी," बाबा म्हणाले. "अजून खाली आली नाही."

यावर आत्या बराच वेळ गप्प होती. तिच्याकडे रात्रीचे साडेदहा वाजले होते. चौऱ्याहत्तर वर्षांच्या भावाला एकटं परदेशी पाठवलं हे काही बरं झालं नाही, असं ती मनाशी म्हणत असावी. मग बाबांनी तिला नीट समजावलं, की गाडी म्हणजे चारचाकी, वर म्हणजे जमिनीपासून हातभर, आणि वर नेणारा म्हणजे आपला धाकटा. शेवटचा खुलासा ऐकून आत्या म्हणाली, "मग बरोबर आहे." आणि फोन ठेवला.

हा धाकटा म्हणजे मी. न्यू जर्सीत एडिसनला राहतो आणि पोटापाण्यासाठी डेटाबेस सांभाळतो, म्हणजे ज्या वस्तूला हात लावता येत नाही तिची दिवसभर दुरुस्ती करतो. बाबांचं उलट. एसटीच्या सांगली डेपोत त्यांनी चौतीस वर्षं मेकॅनिक म्हणून काढली. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली, तरी त्यांच्या नखांच्या कडेला अजून एक काळी रेघ आहे, ती साबणाला दाद देत नाही. आपल्या पोराचे हात असे होऊ नयेत म्हणून त्यांनी मला शिकवलं, आणि मी एवढा शिकलो की स्टेपनी कुठल्या बाजूला असते हे मला गाडीचं पुस्तक काढून बघावं लागतं.

मे महिन्यात बाबा सहा महिन्यांसाठी येणार होते. मार्चमध्ये मी नेहमीप्रमाणे आमची टोयोटा सिएना तेल बदलायला दिली आणि ९४ डॉलरचं बिल घेऊन आलो. बिलाला एक रंगीत कागद जोडला होता. त्यात टायरांपुढे हिरवा ठिपका, ब्रेकपुढे पिवळा आणि वायपरपुढे लाल. एरवी मी तो कागद घडी करून कप्प्यात टाकला असता. पण या वेळी डोळ्यांपुढे बाबा आले. मेकॅनिकच्या पोराने तेल बदलायला ९४ डॉलर दिले! गुणिले पंच्याऐंशी हा हिशोब ते माझ्यादेखत, तोंडी करणार. त्या रात्री मी ठरवलं, पुढचं तेल घरी बदलायचं. बाबांच्या समोर. शक्यतो पांढरा शर्ट घालून.

गाडी बाहेर ड्राइव्हवेत उभी करून हे करता आलं असतं. पण आमच्या वसाहतीच्या नियमांत ड्राइव्हवेत वाहन दुरुस्ती करायला बंदी आहे. तुळशीवृंदावन ठेवायला परवानगी मिळवताना ती नियमावली मी दोनदा वाचली असल्याने हे कलम पाठ होतं. उरलं गॅरेज.

परदेशातल्या मराठी माणसाचं गॅरेज म्हणजे घराचा माळा. फरक एवढाच, की शिडी लागत नाही. आमच्या गॅरेजमध्ये तेव्हा होतं ते असं: रिकाम्या बॅगा अकरा, तांदळाची पोती तीन, मंडळाच्या गणपतीचं मखर सुट्ट्या भागांत, मुलीची तिला लहान झालेली सायकल आणि एक उभा फ्रीझर. त्यात खोवलेला नारळ, पुरणाचे गोळे आणि कढीलिंब. गाडी मात्र बारा वर्षं बर्फात उभी. तांदूळ आत, टोयोटा बाहेर, हा आमच्या घराचा वर्णाश्रम.

छत आठ फूट. म्हणजे ९६ इंच. वर मुलीची खोली, त्यामुळे छत उचलायचा प्रश्न नव्हता. माणसाला आठ फूट भरपूर होतात. पण गाडी वर न्यायची म्हटली की तेच आठ फूट एकदम एसटीतल्या तिघांच्या सीटसारखे वाटायला लागतात.

इथे कुणीही शहाणा माणूस दोन रॅम्प आणतो. साठ डॉलरला जोडी मिळते. पुढची चाकं त्यावर चढवायची, हँडब्रेक ओढायचा, मागच्या चाकांना ओंडके लावायचे, खाली सरकायचं, तेल सोडायचं. मी रॅम्प पहिल्याच दिवशी बाद केले. कारण रॅम्पवर गाडी चाकांवरच उभी असते, चाकं काढता येत नाहीत. मला चाकं काढायची नव्हती. पण काढता आली पाहिजेत, नाही का?

मग जॅक आणि जॅक स्टँड. हा मार्ग जुना आणि चांगला आहे. जॅकने उचलायची, स्टँडवर टेकवायची. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, एवढं पथ्य पाळायचं. पण वाचता वाचता मला कळलं, की २०२० साली इथल्या एका दुकानाने लाखो जॅक स्टँड परत मागवले होते. भार असताना त्यांचा दाता घसरू शकत होता. आणि बदली म्हणून दिलेल्यांपैकी काहींचं वेल्डिंग सदोष निघाल्याने तेही परत मागवावे लागले. ही बातमी मी बायकोला मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवली. खर्चिक वस्तू घ्यायची असेल तर स्वस्त वस्तू धोक्याची आहे हे आधी घरात पसरवावं लागतं.

आता लिफ्ट. यात मी तीन आठवडे घालवले आणि ते माझ्या आयुष्यातले फार सुखाचे आठवडे होते. चार खांबांची लिफ्ट बघितली. तिच्यावर एक गाडी चढवून खाली दुसरी उभी करता येते, पण छत अकरा-बारा फूट हवं. दोन खांबांची हलवता येणारी लिफ्ट बघितली. ती जमिनीला बोल्टने आवळावी लागते, म्हणजे खालचं काँक्रीट निदान चार इंच जाड आणि धड हवं. आमचं किती जाड आहे हे बघायला त्याला भोक पाडावं लागलं असतं, आणि भोक पाडल्यावर ते कमी निघालं तर आमच्याकडे फक्त भोक राहिलं असतं. कात्रीसारखी उघडणारी लिफ्ट बघितली. ती गाडीच्या पोटाखाली मधोमध उभी राहते. म्हणजे जिथे आपल्याला बघायचंय नेमकी तिथेच, सिनेमाच्या रांगेत पुढे बसलेल्या उंच माणसासारखी. आणखी एक प्रकार होता, ड्रिलने फिरवला की गाडीची एक बाजू उचलून तिला कुशीवर वळवणारा. पण तेल बदलताना गाडी सपाट हवी, नाहीतर जुनं तेल कुशीतच राहतं.

शेवटी सापडली ती दोन चौकटींची. पलंगाच्या दोन बाजूंसारख्या लांबट, जमिनीसरपट चौकटी. गाडीच्या डाव्या-उजव्या बाजूने एकेक आत सरकवायची, कंपनीने नेमून दिलेल्या जॅकच्या जागांखाली रबरी ठोकळे ठेवायचे, दोन होजपाइप मोटरच्या डब्याला जोडायचे आणि बटण दाबायचं. दोन्ही चौकटी उठून उभ्या राहतात, मधली जागा सगळी मोकळी. काम झालं की भिंतीला टेकवून ठेवायच्या. घरच्या ११० व्होल्टवर चालते. छत कमी असलेल्यांसाठी हीच, असं सगळीकडे लिहिलं होतं, आणि ते खरं आहे. लिफ्टला मी आजही नावं ठेवत नाही. लिफ्टने तिचं काम केलं.

मी एक्सेलमध्ये तक्ता केला. सत्तावीस रकाने. गाडीचं वजन साडेचार हजार पौंडांच्या आसपास, म्हणजे ५००० पौंडांची लिफ्ट पुरली असती. पण लग्नात शंभर पानांचा अंदाज असला तरी आपण सव्वाशे धरतो, म्हणून ७००० ची. पुढच्या-मागच्या आसांमधलं अंतर ११९ इंच, म्हणून लांब चौकटीची. आणि सगळ्यात महत्त्वाचं गणित शेवटच्या रकान्यात: टपावरच्या पट्ट्या धरून गाडी ७०, लिफ्टची उंची २१, बेरीज ९१. छत ९६. शिल्लक ५ इंच. तो चौकोन मी हिरवा रंगवला.

बायकोने तो हिरवा चौकोन बघितला. म्हणाली, "लग्नाचा शालू घ्यायला मला चाळीस मिनिटं लागली होती."

"आणि नवरा निवडायला?"

"तिथेच घाई झाली."

पाच इंच शिल्लक असली तरी एक अडचण होती, आणि ती माझ्या लक्षात आली, हे इथे नोंदवून ठेवतो. गॅरेजचं दार उघडणारी मोटर छताच्या मध्ये लटकत होती आणि तिची लोखंडी पट्टी मोटरपासून दारापर्यंत आडवी गेली होती. गाडी वर गेली की टप तिला लागणार. सामान्य माणसाच्या नजरेतून हे सुटलं असतं. मी ती मोटर काढून टाकली आणि तिच्या जागी भिंतीला, दाराच्या स्प्रिंगच्या दांड्याशेजारी बसणारी नवी मोटर लावून घेतली. ४५० डॉलर. आता छत कसं स्वच्छ, सपाट, अंगणासारखं मोकळं झालं. मी टेप लावून चार कोपऱ्यांत आणि मध्ये मोजलं. पाचही ठिकाणी ९६. शेजाऱ्यांना उगाच कळू नये म्हणून ही सगळी मोजमापं दार लावून केली.

लिफ्ट आली ती ट्रकने. घरपोच असं लिहिलं होतं, पण ट्रकवाल्यांच्या शब्दकोशात घर म्हणजे घरासमोरच्या रस्त्याची कड. दोन चौकटी, एकेक पन्नास किलोच्या घरातली. ड्रायव्हरने त्या तिथे ठेवल्या, सही घेतली आणि माझ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहून "गुड लक" म्हणाला. मी अकरा बॅगांपैकी चार चाकांची एक मजबूत बॅग आडवी केली आणि तिच्यावर चौकट ठेवून ढकलली. पहिली चौकट पोचली. दुसरीच्या वेळी बॅगेची दोन चाकं निखळली. आता आमच्याकडे बॅगा दहा आहेत.

बाबा आले त्या रात्री जेट लॅगमुळे त्यांना तीन वाजता जाग आली. स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवून ते गॅरेजमध्ये फेरी मारायला गेले. मी मागोमाग. ते त्या चौकटींपुढे हात मागे बांधून उभे होते.

"हे काय रे?"

"लिफ्ट."

"कशाला?"

"गाडीचं तेल बदलायला, बाबा."

ते पुन्हा चौकटींकडे वळले. मग जमिनीकडे पाहिलं. बुटाचं टोक काँक्रीटवर दोनदा आपटलं.

"खड्डा नाही करता येत?"

डेपोत खड्डा असतो. बस वर जात नाही, माणूस खाली जातो. लहानपणी मी एकदा बाबांचा डबा द्यायला गेलो होतो, तेव्हा ते खड्ड्यात उभे होते आणि त्यांच्या डोक्यावर अख्खी लाल बस होती, सांगली-कोल्हापूर. वरून बघताना मला फक्त त्यांची टोपी दिसली. खड्ड्यात उतरायला चार पायऱ्या, भिंतीत दिव्यासाठी कोनाडा, तळाशी सांडलेलं तेल प्यायलेली माती. बाबा म्हणतात, खड्ड्याला वीज लागत नाही, हायड्रॉलिक लागत नाही, आणि छत कितीही बुटकं असलं तरी खड्ड्याचं काही अडत नाही. आठ फुटी छताच्या प्रश्नाचं एवढं सरळ उत्तर माझ्या सत्तावीस रकान्यांत नव्हतं.

"इथे खड्डा खणायला टाउनशिपची परवानगी लागते, बाबा."

"आणि हे आणायला लागत नाही?"

"नाही."

"मग बरोबर आहे," ते म्हणाले. आत्याचेच भाऊ हे.

पुढचे दोन दिवस लिफ्टला तेल पाजण्यात गेले. म्हणजे गाडीचं तेल बदलण्यासाठी आणलेल्या यंत्रात आधी तेल भरायचं, मग त्यात अडकलेली हवा काढायला गाडी न ठेवता ते रिकामंच पाच-सहा वेळा वर-खाली करायचं. हवा असेपर्यंत एक चौकट पुढे आणि दुसरी मागे, जिन्यावर आजोबा-नातू चढतात तशा चढत होत्या. बाबांना हे फार आवडलं. ते खुर्ची घेऊन बसायचे आणि मागे राहिलेल्या चौकटीला "चल, चल गं बाई" म्हणायचे.

मग तो शनिवार. बायको मुलीला मराठी शाळेत घेऊन गेली होती. तांदूळ, मखर आणि दहा बॅगा भिंतीला रचून मी जागा केली, बारा वर्षांत पहिल्यांदा गाडी आत घेतली आणि दार लावलं. चौकटी सरकवल्या, ठोकळे ठेवले, बटण दाबलं. मोटर गुरगुरली आणि आमची सिएना, दोन टनांहून किंचित जास्त, जमीन सोडून सरळ वर निघाली. खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर काटा आला. वर गेल्यावर "खट्" असा आवाज झाला. ते लॉक. पाइप फुटला तरी गाडी त्या लोखंडी टेकूवर राहावी म्हणून असतं. बाबा उठले, गाडीच्या मागे गेले आणि कमरेने तिला दोन सणसणीत धक्के मारले. गाडी हलली नाही. "हां," ते म्हणाले. "आता जा खाली. धक्का मारल्याशिवाय कुठल्याही गाडीखाली जायचं नाही."

मी मात्र टेप घेऊन उभा होतो. काहीतरी चुकत होतं. गाडी एकवीस इंच वर जायला हवी होती. ती साडेतेराच गेली होती.

इथे एक गोष्ट सांगतो, कारण ती विकणाऱ्याच्या पानावर बारीक अक्षरांत असते. लिफ्टची उंची जमिनीपासून मोजतात. पण गाडीचा जो काठ लिफ्ट उचलते, तो मुळातच जमिनीपासून साडेसात इंच वर असतो. एकवीसमधून ते साडेसात वजा. म्हणजे माझं एक्सेल चुकलं होतं, पण माझ्या फायद्याच्या बाजूने. छताला अजून साडेबारा इंच शिल्लक होती. शहाणा माणूस इथे देवाला हात जोडतो. माझ्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. एकवीस इंचांचे पैसे मोजलेत आणि मिळाले साडेतेरा!

डब्यात जादा रबरी ठोकळे होते, तीन इंचांचे. मी गाडी खाली घेतली आणि ते लावायला लागलो.

"पुरे आहे की एवढं," बाबा म्हणाले.

"पैसे वसूल व्हायला नकोत का, बाबा?"

यावर ते काही बोलले नाहीत. पैसे वसूल करण्याच्या आड आमच्या घरात कुणी येत नाही.

गाडी पुन्हा वर. या वेळी साडेसोळा इंच. खट्. धक्के. मी पुठ्ठा अंथरला, पाठीवर झोपलो आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या गाडीचं पोट पाहिलं. कुठल्याही पोटासारखंच होतं, आत काय चाललंय याचा बाहेरून पत्ता नाही. खालचं प्लॅस्टिकचं आवरण काढण्यात एक तास गेला. त्याच्या क्लिपा उघडण्याचं माझं तंत्र म्हणजे त्या तोडणे. मग एक नट दिसला. मी त्याला पाना लावला. तेवढ्यात बाजूला बाबांचं डोकं आलं. त्यांनी जन्मात कधी सिएनाचं पोट पाहिलेलं नव्हतं.

"ते गिअरचं आहे," ते म्हणाले. "इंजिनाचं पलीकडे."

हा एक वाक्याचा सल्ला नसता तर मी गिअरबॉक्स रिकामा करून, इंजिनात जुन्या तेलावर नवं ओतून, दोन्हीकडून लढाई हरलो असतो. पलीकडचा नट काढला. काळंभोर तेल घळघळ परातीत आलं. (परात फराळाच्या करंज्या ठेवायची होती. हे अजून कळलेलं नाही, आणि हा लेख बायको वाचेपर्यंत कळणार नाही.)

आता फिल्टर. या गाडीचा फिल्टर एका टोपणाच्या आत बसतो आणि ते टोपण उघडायला ६४ मिलिमीटरचा, वाटीसारखा खास पाना लागतो. माझ्याकडे सत्तावीस रकाने होते, अठराशे डॉलरची लिफ्ट होती, भिंतीवरची मोटर होती. ती बारा डॉलरची वाटी नव्हती. मी बायकोला फोन केला, येताना दुकानातून घेऊन ये म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "बाहेर पाऊस आहे." मी म्हटलं, "प्लीज."

साडेबाराच्या सुमाराला बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. आणि पाऊस असल्यामुळे बायकोने, बारा वर्षं करते तसंच, गाडीत बसूनच रिमोट दाबला.

गॅरेजचं दार चढायला लागलं.

या घरात मी बारा वर्षं राहतोय. उघडलेलं दार जातं कुठे, हा प्रश्न मला त्या क्षणापर्यंत पडला नव्हता. ते आकाशात जात नाही. ते चार-पाच फळ्यांत दुमडून, दोन्ही बाजूंच्या रुळांवरून आत येतं आणि छताखाली आडवं झोपतं. छताला चिकटून नव्हे. खाली, साडेचौऱ्याऐंशी इंचांवर. त्याच्याखाली आमची गाडी होती साडेशहाऐंशीवर. जादा ठोकळे लावले नसते तर गाडी साडेत्र्याऐंशीवर असती आणि दार तिच्यावरून एक इंच राखून, हळुवार, कुणाला न दुखावता गेलं असतं.

हे हिशोब आत्ता टेबलावर बसून करतोय. तेव्हा फक्त एवढं दिसलं, की दाराची वरची कड टपाकडे सरपटत येतेय. ही दारं खाली येताना मध्ये काही आलं तर उलट फिरतात. १९९३ पासून अमेरिकेत तसा कायदाच आहे, मुलं दबू नयेत म्हणून. वर जाताना मात्र मध्ये कुणाची सिएना येईल असं कायदा करणाऱ्यांनाही वाटलं नसावं. मी लिफ्टच्या बटणावर झडप घातली. गाडी खाली घ्यायची! पण लॉकवर बसलेली गाडी खाली घ्यायची तर आधी किंचित वर उचलावी लागते, तेव्हाच लॉक सुटतं. पुस्तकात हे ठळक अक्षरांत होतं आणि नेमकं तेच मला त्या क्षणी आठवलं. मी "वर" दाबलं. गाडी आज्ञाधारकपणे अर्धा इंच आणखी वर गेली, आणि दाराने टपावरच्या पट्टीचं मागचं टोक पकडलं.

दोन मोटरी एकमेकींविरुद्ध कण्हल्या. मग कडाड् असा आवाज, आणि दिवा, लिफ्ट, दार, फ्रीझर, सगळं एकदम शांत.

अर्ध्यावर अडकलेल्या दाराखालून वाकून बायकोचं भिजलेलं डोकं आत आलं.

"पाना आणलाय," ती म्हणाली.

एसटीत वर एक दोरी असायची, कंडक्टर ओढायचा ती. एकदा वाजली की थांब, दोनदा वाजली की चल. नव्या मोटरला एक लाल दोरी लोंबत होती. दार मोटरपासून सोडवून हाताने हलवायची सोय. बाबांनी ती पाहिली, सरळ गेले आणि दोनदा ओढली. डबल बेल. दार सैल झालं. आम्ही तिघांनी मिळून ते हाताने खाली घेतलं. वरच्या फळीला मधोमध घडी पडली होती.

वीज आणायला दीड तास लागला. तळघरातल्या पॅनेलवर सगळे स्विच जागच्या जागी होते. दोष होता गॅरेजमधल्याच एका सॉकेटचा, वीज गळतेय असं वाटलं की आपण होऊन बंद पडणाऱ्या जातीचा. त्यावर एक छोटं बटण असतं, ते दाबलं की झालं. ते सॉकेट फ्रीझरच्या मागे होतं. फ्रीझरपुढे तांदूळ, तांदळापुढे मखर, मखरापुढे दहा बॅगा. सगळं मीच सकाळी, जागा करायला, तिथे रचलं होतं. याच दीड तासात आत्याचा फोन झाला. आणि याच दीड तासात, भरलेला फ्रीझर न उघडता ठेवला तर दोन दिवस टिकतो असं मी सांगत असताना, बायको तो उघडून पुरण आणि नारळ शेजाऱ्यांकडे पोचवून आली. शेजाऱ्यांपासून लपवायचं जे काही होतं ते तिथे संपलं.

वीज आली तेव्हा बाबा म्हणाले, आता वर आहेच तर काम पुरं करून घेऊ. त्यांनी शर्ट काढून बनियनवर पुठ्ठ्यावर अंग टाकलं. वाटी लावली, टोपण उघडलं, फिल्टर बदलला, रबराच्या कडीला बोटाने तेल लावलं, नट आवळला. वीस मिनिटं. बाहेर येऊन हात पुसत म्हणाले, "एवढी उंची नाही लागत रे. झोपूनच करायचं असतं."

नखाच्या कडेची रेघ जरा ठळक झाली होती. ते खुशीत दिसत होते.

हिशोब असा. लिफ्ट १८००. भिंतीवरची मोटर ४५०. दाराची वरची फळी ३८०. टपाची पट्टी आणि पत्रा ५२०. तेल आणि फिल्टर ३८. वाटी १२. एकूण ३२०० डॉलर. बाबांनी गुणिले पंच्याऐंशी केलं, तोंडी. उत्तर मला सांगितलं नाही. संध्याकाळी फोन करून आत्याला सांगितलं.

ऑक्टोबरमध्ये, परत जाण्याआधी, त्यांनी पुन्हा तेल बदललं. मला दुकानात पाठवून साठ डॉलरचे रॅम्प आणायला लावले. मी गाडी चढवली, ते मागे उभं राहून "येऊ द्या, येऊ द्या, बस्स" म्हणत होते. गॅरेजचं दार पूर्ण वेळ उघडं होतं.

तर, लिफ्ट विकणे आहे. दोनदा वर, दोनदा खाली, एवढीच वापरलेली. ७००० पौंड, लांब चौकट, सोबत होजपाइप, मोटर आणि पुस्तक. न्यायला दोन माणसं लागतील. बॅग मिळणार नाही. किमतीचं बोलू. येण्याआधी आपल्या गॅरेजचं माप घ्या, दार उघडून. तीन इंचांचे जादा ठोकळे हवे असतील तर ते फुकट.